तुमचा चार जुलै : रॉचेस्टरमधल्या एका भाषणाचा अभ्यास

महाविद्यालयातल्या मुलांची वक्तृत्वाची तयारी करून घेताना मी दर वर्षी एखादं जुनं भाषण निवडते आणि आम्ही सगळे मिळून ते मराठीत आणतो. एका वर्षी फ्रेडरिक डग्लस यांचं ५ जुलै १८५२ चं भाषण घेतलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनानिमित्त, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात, गुलामीतून पळून आलेल्या माणसानं बहुतांशी गोऱ्या श्रोत्यांपुढे केलेलं. सुरुवातीलाच गाडं अडलं. डग्लस श्रोत्यांना सांगतात की चार जुलै हा ‘युवर’ राष्ट्रीय स्वातंत्र्याचा वाढदिवस आहे. एका मुलीनं फळ्यावर लिहिलं, ‘आपल्या राष्ट्रीय स्वातंत्र्याचा’. तिचं चुकलं नव्हतं. सभेतल्या मंडळींना मान द्यायचा तर ‘आपल्या’ म्हणायची मराठीत रीतच आहे. पण मागच्या बाकावरून प्रश्न आला, “आपल्या म्हणजे त्यांच्या, की त्यांच्या आणि डग्लसच्या मिळून?” हा शब्द दोन्ही अर्थ पोटात घेऊन बसतो. तिनं तो पुसून ‘तुमच्या’ लिहिलं, जरा थांबली आणि म्हणाली, “मॅडम, हे तोडून बोलल्यासारखं वाटतंय.”

तसंच वाटायला हवं होतं. त्या दिवशी सभागृहात जे घडलं ते मला या एका शब्दातून जितकं कळलं तितकं चरित्रं वाचून कळलं नव्हतं. म्हणून हे प्रकरण त्याच धाग्यानं मांडते.

बोलणारा

जन्मनाव फ्रेडरिक बेली. जन्म १८१८ चा, मेरीलँड राज्यातल्या टॅल्बट परगण्यात. आई हॅरिएट शेतावर राबणारी गुलाम. लेकरू तिच्याजवळ वाढलंच नाही. सात-आठ वर्षांचा असताना त्याला बाल्टिमोरला ह्यू ऑल्ड यांच्या घरी पाठवलं. मालकीण सोफिया हौसेनं त्याला मुळाक्षरं शिकवू लागली. नवऱ्याला कळलं तसं त्यानं ते बंद पाडलं. गुलामाला वाचता आलं की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असं त्यानं बायकोला पोरासमोरच बजावलं. पोरानं ते नीट ऐकून ठेवलं. पुढे तो घरातले पावाचे तुकडे खिशात घालून गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना द्यायचा आणि बदल्यात एकेक धडा शिकायचा. बारा-तेराव्या वर्षी त्यानं ५० सेंट साठवून भाषणांचं एक शालेय पुस्तक विकत घेतलं. त्यात मालक आणि गुलाम यांच्यातला एक संवाद होता. तीनदा पळून तीनदा पकडलेला गुलाम वादात मालकाला निरुत्तर करतो आणि मालक त्याला सोडून देतो. बोलून सुटका होऊ शकते ही गोष्ट या मुलानं पहिल्यांदा तिथे वाचली.

त्याची स्वतःची सुटका काही वादानं झाली नाही. ३ सप्टेंबर १८३८ ला, खलाशाचे कपडे अंगात आणि दुसऱ्या कुणाची कागदपत्रं खिशात, असा तो बाल्टिमोरहून आगगाडीत बसला आणि गाडी, नाव, बोट असं करत चोवीस तासांच्या आत न्यूयॉर्कला पोचला. या पळण्याला हातभार होता अ‍ॅना मरे हिचा. बाल्टिमोरमध्ये घरकाम करणारी ही स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई मागोमाग न्यूयॉर्कला आली आणि बारा दिवसांत दोघांचं लग्न झालं. बेली आडनाव सोडून त्यांनी डग्लस हे नाव घेतलं.

१८४१ मध्ये नँटकेट बेटावरच्या सभेत ते पहिल्यांदा मोठ्या जमावापुढे उभे राहिले. विल्यम लॉइड गॅरिसन तिथे होते. १८३१ पासून ‘लिबरेटर’ हे साप्ताहिक चालवणारे, गुलामगिरी ताबडतोब आणि बिनशर्त संपली पाहिजे असं सांगणारे गॅरिसन हे त्या काळातल्या चळवळीचं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्या मंडळींनी डग्लस यांना पगारी वक्ता म्हणून नेमलं. पण या मंडळींतल्या एकानं त्यांना सांगितलं की तू फक्त घडलेलं सांग, त्यामागचा विचार आम्ही पाहून घेऊ. बोलण्यात मळ्यावरची भाषा थोडी राहू दे, नाहीतर तू गुलाम होतास यावर लोकांचा विश्वास बसणार नाही, हाही सल्ला मिळाला. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. विरोधकांनी तोंड दाबणं वेगळं आणि सोबतच्यांनी ‘तुझं दुःख तू सांग, अर्थ आम्ही लावतो’ म्हणणं वेगळं. आपल्याकडच्या चळवळींतही हे वाक्य अनेकांनी ऐकलेलं आहे.

१८४५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र छापलं, त्यात मालकांची नावं घातली आणि मग पकडले जाण्याच्या भीतीनं आयर्लंड-इंग्लंड गाठलं. तिथल्या मित्रांनी १५० पौंड जमवून डिसेंबर १८४६ मध्ये त्यांना ह्यू ऑल्डकडून विकत घेऊन मुक्त केलं. परत आल्यावर ते रॉचेस्टरला स्थायिक झाले आणि डिसेंबर १८४७ पासून स्वतःचं वृत्तपत्र काढू लागले, ‘नॉर्थ स्टार’. पळणारे गुलाम रात्री उत्तरेचा तारा पाहून वाट काढत, त्यावरून हे नाव. अर्थ लावायचं काम आता त्यांच्या स्वतःच्या छापखान्यात होणार होतं.

निमंत्रण आणि अडचण

बोलावणं आलं रॉचेस्टरच्या महिलांच्या गुलामगिरीविरोधी मंडळाकडून. या बायका शिवणकाम-भरतकाम करत, बाजार भरवून ते विकत आणि पैसे चळवळीला व डग्लस यांच्या पत्राला देत. मंडळाचा कारभार पाहणाऱ्या ज्युलिया ग्रिफिथ्स इंग्लंडहून आलेल्या होत्या. पत्राचे हिशेब त्यांनीच मार्गी लावले होते. म्हणजे बोलावणारी माणसं परकी नव्हती. ज्यांच्या वर्गणीवर आपलं पत्र चालतं त्यांच्यासमोर त्यांच्या सणाच्या दिवशी बोलायचं होतं.

१८५२ मध्ये चार जुलै रविवारी आला, म्हणून सभा सोमवारी, पाच तारखेला ठरली. न्यूयॉर्क राज्यातल्या कृष्णवर्णीयांना पाच जुलै अनोळखी नव्हता. त्या राज्यातली गुलामगिरी कायद्यानं ४ जुलै १८२७ ला संपली, तेव्हा त्यांनी मिरवणुका काढल्या त्या पाच तारखेला. गोऱ्यांचा दिवस त्यांचा त्यांना ठेवून आपला आनंद दुसऱ्या दिवशी.

पण १८५२ चा जुलै आनंदाचा नव्हता. १८५० च्या जनगणनेत देशात बत्तीस लाख गुलाम मोजले गेले होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फरारी गुलामांचा नवा कायदा झाला. त्यानं गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतही पळून आलेल्या माणसाला पकडून परत पाठवणं बंधनकारक केलं. पकडलेल्याला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येत नव्हती, ज्यूरी मिळत नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरनं माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर त्याला १० डॉलर मेहनताना, सोडून दिला तर ५. फरारी माणसाला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

डग्लस यांच्या घरात हा कायदा रोज मोडला जात होता. रॉचेस्टरपासून ऑन्टॅरियो सरोवर जवळ, पलीकडे कॅनडा, आणि त्यांचं घर हा वाटेवरचा मुक्काम. सप्टेंबर १८५१ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या क्रिस्टियाना गावी पळून आलेल्यांना पकडायला गेलेला मेरीलँडचा मालक एडवर्ड गॉर्सच झटापटीत मारला गेला. प्रतिकार करणाऱ्यांचा पुढारी विल्यम पार्कर दोन साथीदारांसह थेट डग्लस यांच्या दारात आला. ग्रिफिथ्सबाईंना तीन मैलांवरच्या धक्क्यावर बोटीची चौकशी करायला पाठवलं, रात्री तिघांना घोडागाडीत घालून डग्लस स्वतः धक्क्यावर घेऊन गेले. निरोप घेताना पार्करनं आठवण म्हणून त्यांच्या हातात गॉर्सचचं पिस्तूल ठेवलं. या गोष्टीला वर्षही झालं नव्हतं.

आणि नुकत्याच सरलेल्या जूनमध्ये देशातल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी आपापल्या अधिवेशनात हा कायदा पाळण्याची ग्वाही दिली होती. दोन्ही अधिवेशनं भरली बाल्टिमोरला, डग्लस जिथे गुलाम होते त्याच शहरात.

मुलांना मी इथे थांबवून विचारते, तुम्ही काय बोलला असता? बहुतेकांची उत्तरं दोन प्रकारची येतात. एक, आभाराचं भाषण: तुम्ही आम्हाला मदत करता, हा दिवस एक दिवस सगळ्यांचा होईल. दुसरं, सरळ हल्ला. पहिल्यात खोटेपणा आहे. दुसऱ्यात श्रोता दहा मिनिटांत कान मिटून घेतो, आणि हे श्रोते तर चळवळीला पैसे देणारे. तिसरी वाट म्हणजे आपली कहाणी सांगून रडवणं; ती तर त्यांना अकरा वर्षांपूर्वीच नेमून दिली होती. या तिन्ही वाटा टाळायला त्यांना दोन-तीन आठवडे लागले. एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी तसं म्हटलं आहे. भर सभेत सुचलेलं असं यात थोडंच असेल. आधी लिहून काढलेलं, घासून तयार केलेलं भाषण आहे हे.

कॉरिंथियन हॉलमध्ये

पाच-सहाशे लोक साडेबारा सेंटचं तिकीट काढून आले होते. प्रार्थना झाली. मग एका पाद्र्यानं १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्यानं वाचला: सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत. त्यानंतर डग्लस उठले. तेव्हा ते ३४ वर्षांचे होते.

सुरुवात नम्र आहे, आणि त्या नम्रतेत एक मोजमाप दडलं आहे. हे व्यासपीठ आणि मी ज्या मळ्यावरून पळून आलो तो मळा यांच्यातलं अंतर बरंच आहे, असं ते म्हणतात. मग ‘फेलो सिटिझन्स’, नागरिक बंधूंनो, असं संबोधून श्रोत्यांच्या पूर्वजांची स्तुती सुरू होते. वॉशिंग्टन-जेफरसनच्या पिढीची ही स्तुती मनापासूनची आहे; ती माणसं शूर होती, मोठी होती, त्यांना शांतता प्रिय होती पण दास्यातल्या शांततेपेक्षा त्यांनी बंड पत्करलं, असं डग्लस सांगतात. राष्ट्र ७६ वर्षांचं आहे; माणसाच्या हिशेबानं ते म्हातारपण, राष्ट्राच्या हिशेबानं बालपण, म्हणून आशेला जागा आहे.

ऐकणाऱ्याला वाटावं की नेहमीचं चार जुलैचं भाषण चाललं आहे. फक्त एक गोष्ट खटकत राहते. तुमचे पूर्वज. तुमचं राष्ट्र. तुमचं स्वातंत्र्य. ‘नागरिक बंधूंनो’ म्हणून हात पुढे करायचा आणि पुढच्या वाक्यात ‘तुमचे’ म्हणून तो मागे घ्यायचा, असं कितीतरी वेळा. इंग्रजीत ‘वी’ एकच आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन शब्द आहेत, त्यामुळे कोण आत आणि कोण बाहेर हे आपल्याला आपोआप सांगता येतं. डग्लस यांच्या हाताशी ही सोय नव्हती. त्यांनी सगळी भिंत ‘तुमचे’ या एका विटेनं बांधली, आणि इतक्या सावकाश की ती उभी राहताना श्रोत्यांना दिसली नसावी.

मग ते सांगतात, भूतकाळाशी माझं काम वर्तमानाला उपयोग होईल तेवढंच. आणि भिंत एकदम समोर येते. ज्या सूर्यप्रकाशानं तुम्हाला जीवन दिलं त्यानं मला चाबकाचे वळ आणि मरण दिलं. हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही. तुम्ही आनंद करा, मला शोक केला पाहिजे. बेड्या घातलेल्या माणसाला स्वातंत्र्याच्या झगमगत्या मंदिरात ओढून आणून आनंदगीतं गा म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. आज मला बोलायला बोलावलंत ते ही थट्टा करायला का? इथे ते बायबलमधलं स्तोत्र आणतात: बाबिलोनच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांना पकडणारे म्हणतात, तुमच्या सियोनचं, तुमच्या मायभूमीचं, एखादं गाणं म्हणा. समोरच्या प्रत्येकाला ते स्तोत्र पाठ असणार. त्यात आपण कोणाच्या जागी आहोत हे त्या क्षणी प्रत्येकाला कळलं असेल.

यानंतरचा भाग वक्तृत्वाच्या विद्यार्थ्यानं कागद-पेन्सिल घेऊन वाचावा असा आहे. लोक मला म्हणतात, अंगावर कमी ये, युक्तिवाद जास्त कर. पण युक्तिवाद कशाचा करू? गुलाम माणूस आहे याचा? ते तर मालकांनीच मान्य केलं आहे. व्हर्जिनियात ७२ गुन्हे असे आहेत की ते कृष्णवर्णीयानं केले तर देहदंड. त्यांतल्या दोनच गुन्ह्यांसाठी गोऱ्याला तीच शिक्षा. ज्याला शिक्षा देता त्याला बुद्धी आहे, जबाबदारी आहे, हे धरूनच देता ना? दक्षिणेतल्या राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवू नये म्हणून कायदे आहेत. रानातल्या जनावराला शिकवू नये असा कायदा कुठे असतो?

पुढे येते ती कामांची यादी: आम्ही नांगरतो, पेरतो, कापणी करतो, घरं बांधतो, पूल बांधतो, जहाजं बांधतो, पितळ-लोखंड-तांबं-चांदी-सोनं घडवतो, आमच्यात कारकून आहेत, व्यापारी आहेत, वकील, डॉक्टर, कवी, संपादक, शिक्षक आहेत, कॅलिफोर्नियात आम्ही सोनं खणतो, प्रशांत महासागरात देवमासे पकडतो. आणि हे सगळं करत असताना आम्ही माणसं आहोत हे सिद्ध करायचं? ‘मी युक्तिवाद करणार नाही’ म्हणत म्हणत अख्खा युक्तिवाद करून झालेला असतो. आमच्या वर्गात एका मुलानं ही यादी मोठ्यानं वाचली. पहिल्यांदा घाईत, दुसऱ्यांदा प्रत्येक कामापाशी क्षणभर थांबत. दुसऱ्या वाचनाला वर्गात कुणी हललं नाही.

मग ते जाहीरच करतात की आता उजेडाची गरज नाही, आगीची आहे. रिमझिम सर नको, गडगडाट हवा. अमेरिकेतल्या गुलामाला तुमचा चार जुलै म्हणजे काय? वर्षातल्या इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त, आपल्यावर सतत होणारा अन्याय आणि क्रौर्य उघडं करून दाखवणारा दिवस.

स्वतःच्या आयुष्यातलं त्यांनी फार थोडं सांगितलं आहे, आणि जे सांगितलं तेच माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलं. बाल्टिमोरमध्ये ते फिलपॉट स्ट्रीटवर, बंदराजवळ राहत. प्रॅट स्ट्रीटच्या टोकाला गुलामांचा मोठा बाजार होता. तिथून दक्षिणेला, मोबील आणि न्यू ऑर्लिन्सकडे, माणसं जहाजानं पाठवली जात. चळवळीची आरडाओरड सुरू झाल्यापासून विक्रेते सावध झाले होते, म्हणून साखळीला बांधलेले तांडे बाजारातून जहाजाकडे नेत ते मध्यरात्री. मुलाला झोपेतून जाग यायची ती त्या जड पावलांनी आणि रडण्याच्या आवाजानं. सकाळी तो मालकिणीशी बोलायचा, आणि ती म्हणायची की ही फार दुष्ट रीत आहे, त्या साखळ्यांचा खळखळाट ऐकवत नाही. आपल्याइतकंच तिलाही वाईट वाटतं याचं त्या पोराला बरं वाटायचं.

डग्लस हे सांगून पुढे जातात. पण सभागृहात बसलेल्या दयाळू बायका-पुरुषांना ती मालकीण कोण हे वेगळं सांगायला नको होतं. रात्री साखळ्यांचा आवाज ऐकणारी, सकाळी हळहळणारी, आणि तरीही त्या मुलाला मालकीची वस्तू म्हणूनच घरात ठेवणारी. कोणावरही बोट न दाखवता त्यांनी हे केलं. आधीच्या आगीपेक्षा मला हीच जागा जास्त भाजते.

त्यानंतर कायद्यावर आणि चर्चवर लांब हल्ला आहे: दहा डॉलर आणि पाच डॉलरचा हिशेब, आणि फरारी माणसावर दया करणं गुन्हा ठरवणाऱ्या कायद्याबद्दल मूग गिळून बसलेले धर्मगुरू. इंग्लंडमध्ये चर्च गुलामगिरीविरुद्ध उभं राहिलं, तुमच्याकडे का नाही, असा जाब आहे. हा भाग आज वाचताना जड जातो, त्यातली बरीच नावं आता कोणाला ठाऊक नाहीत.

घटनेपाशी आल्यावर

भाषण इथे संपलं असतं तर ते एक धारदार आरोपपत्र ठरलं असतं. डग्लस यांना त्यापलीकडे जायचं होतं, आणि तिथे वाटेत उभे होते त्यांचेच गुरू.

गॅरिसन यांचं मत असं की अमेरिकेची राज्यघटनाच गुलामगिरीच्या बाजूची आहे. ते तिला मृत्यूशी केलेला करार म्हणत. मतदान करू नये, अशा संघराज्यातून बाहेर पडावं, असं ते सांगत. या भाषणानंतर दोन वर्षांनी, ४ जुलै १८५४ ला, त्यांनी फ्रेमिंगहॅमच्या सभेत घटनेची प्रत जाळली. डग्लसही अनेक वर्षं हेच मानत. मग त्यांनी स्वतः कायदा आणि घटनेचा अर्थ लावण्याचे नियम वाचले, घटना गुलामगिरीविरोधी मानणाऱ्या जेरिट स्मिथ यांच्यासारख्यांशी चर्चा केली आणि मे १८५१ मध्ये सिरॅक्यूजच्या अधिवेशनात सांगून टाकलं की माझं मत बदललं आहे. घटनेचा उपयोग गुलामगिरीविरुद्ध करता येतो. गॅरिसन यांनी ते फसवणुकीसारखं घेतलं. पुढे दोघांतलं अंतर वाढतच गेलं.

त्यामुळे कॉरिंथियन हॉलमध्ये घटनेचा विषय काढणं म्हणजे घरातलं भांडण चव्हाट्यावर आणण्यासारखं होतं. डग्लस यांनी तो टाळला नाही. घटनेत ‘गुलाम’ किंवा ‘गुलामगिरी’ हा शब्द कुठे आहे ते दाखवा, असं त्यांनी विचारलं. प्रस्तावना वाचा, तिचे हेतू वाचा. घटनेबद्दल मत बनवण्याचा आणि ते पसरवण्याचा हक्क प्रत्येक अमेरिकन नागरिकाला आहे, ते काही वकिलांचं राखीव कुरण नाही. आणि जसा लावायला हवा तसा अर्थ लावला, तर ही घटना स्वातंत्र्याचा तेजस्वी दस्तऐवज आहे.

युक्तिवाद म्हणून यात भेगा आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. घटनेत शब्द टाळला असला तरी गुलामांना प्रतिनिधित्वासाठी तीन-पंचमांश मोजण्याचं कलम आहे, पळून गेलेल्यांना परत देण्याचं कलम आहे. लिहिणाऱ्यांना त्यांचा अर्थ ठाऊक होता. पण हा इतिहासाचा आक्षेप झाला. डग्लस यांचं लक्ष पुढे होतं. पुस्तक मालकांच्या हातात सोडून द्यायचं, की तेच उघडून त्यांच्यासमोर धरायचं, एवढा प्रश्न त्यांनी ठरवून घेतला होता. अर्थ लावायचं काम दुसऱ्यांचं असं ज्याला सांगितलं होतं, तो माणूस आता देशाच्या घटनेचा अर्थ लावत होता.

आणि इथेच सर्वनामं बदलतात. आधी ‘तुमचे पूर्वज’ होते. इथून पुढे ‘तुमचे’ विरळ होत जातं. समारोपात ते म्हणतात की एवढं काळं चित्र रंगवूनही मी या देशाबद्दल निराश नाही. जग जवळ येत आहे, महासागर आता राष्ट्रांना तोडत नाहीत तर जोडतात. एका भागातला अन्याय भिंतीआड लपवून ठेवण्याचे दिवस सरले. आणि शेवटी एक कविता म्हणतात, जगभरातल्या बेड्या तुटण्याची प्रार्थना असलेली. ती कविता गॅरिसन यांची. कवीचं नाव घेऊन त्यांनी ती म्हटली. ज्यांच्या मुख्य सिद्धांताला दहा मिनिटांपूर्वी छेद दिला त्यांच्याच शब्दांनी भाषण संपवलं. मतभेदाच्या काळात इतकं मोठं मन मी क्वचित पाहिलं आहे.

नंतर

डग्लस खाली बसले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. आभाराचा ठराव झाला, भाषण पुस्तिका म्हणून छापावं अशी मागणी आली आणि तिथल्या तिथे ७०० प्रतींची नोंदणी झाली. या ७०० प्रतींचं मोल पुढे कळलं. जून १८७२ मध्ये डग्लस यांचं रॉचेस्टरचं घर आगीत जळालं आणि त्यांच्या वृत्तपत्राचे बांधून ठेवलेले अंक त्यात गेले.

कायदा मात्र जागचा हलला नाही. १८५४ मध्ये बॉस्टनहून, पळून आलेल्या अँथनी बर्न्सला सैनिकांच्या पहाऱ्यात व्हर्जिनियाला परत पाठवलं, रस्त्यावर हजारो लोक पाहत उभे असताना. मार्च १८५७ मध्ये, स्वातंत्र्यासाठी न्यायालयात गेलेल्या ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक असूच शकत नाही. डग्लस यांनी कॉरिंथियन हॉलमध्ये ज्या हक्कानं घटना उघडली होती तोच सर्वोच्च न्यायालयानं नाकारला. दोन महिन्यांनी त्यांनी या निकालावर भाषण केलं आणि माझ्या आशा आजइतक्या उजळ कधीच नव्हत्या, असं म्हटलं. मग यादवी युद्ध झालं. त्यांची दोन मुलं, लुईस आणि चार्ल्स, मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत भरती झाली. सहा लाखांहून जास्त माणसं मेली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी संपली, १८६८ मध्ये चौदाव्या दुरुस्तीनं तिथे जन्मलेल्यांना नागरिकत्व दिलं.

त्यानंतर पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. गुलामांना मुक्त करण्याच्या कामी त्यांनी दाखवलेल्या औदार्याचा कित्ता आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी गिरवावा, अशी इच्छा त्यात आहे. मुलांना मी ती अर्पणपत्रिका या भाषणाशेजारी ठेवून वाचायला लावते. भरतकाम विकून वर्गणी देणाऱ्या, साडेबारा सेंट देऊन आपल्याच सणाबद्दल हे सगळं ऐकून घेणाऱ्या आणि मग ते छापायची मागणी करणाऱ्या रॉचेस्टरच्या बायका मला त्या ‘सदाचारी लोकां’मध्ये दिसतात. जोतीरावांनी त्यांच्या सदाचाराला नमस्कार केला. डग्लस यांनी त्याच सदाचाराला आणखी किती चालायचं राहिलंय ते तोंडावर सांगितलं. मला दोन्ही हवेसे वाटतात.

भाषांतर संपत आलं तेव्हा शेवटच्या पानावर पुन्हा थांबलो. ‘धिस कंट्री’. पहिल्या दिवशी ‘आपल्या’ पुसणारी तीच मुलगी म्हणाली, “आता तरी लिहू का ‘आपला देश’? आता दोन्ही अर्थ चालतील.” वर्ग दोन बाजूंना वाटला गेला. कुणी म्हणालं, १८६८ ला तो त्यांचा झालाच, मग लिहायला काय हरकत? दुसऱ्या बाजूनं उत्तर आलं की कागदावर तारीख १८५२ ची आहे. बराच वेळ वाद चालला. शेवटी तिनं खडू घेतला आणि ‘हा देश’ लिहिलं. त्या दिवशी डग्लस तिथवरच आले होते.